जी शीळ मी घातली नाही

पेणमध्ये आमच्या आळीत मला नावाने कोणी हाक मारत नाय. 'आवाजवाला' म्हणतात. एसटी मागे घेताना कंडक्टर कशी शिट्टी मारतो, आमचे हेडसर चष्मा पुसता पुसता "बस्स!" कसं म्हणायचे, समोरच्या मावशी फोनवर "हां... हां... अगंबाई!" कशा करतात, सगळं मला येतं. मावशींच्या आवाजात मी एकदा त्यांच्याच नवऱ्याला बाजाराच्या अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं होतं. त्याबद्दल मार खाल्ला. तसा बऱ्याच आवाजांबद्दल खाल्ला, आणि त्यातला एकही फुकट गेला असं मी म्हणणार नाय.

पण एक शीळ अशी आहे की ती मी घातली नाही, आणि तिच्यासाठी चारचौघांत कान धरून उभा राहिलो. अजून आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

शीळ घालणारा आमच्या घरामागे राहायचा. आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, तिच्यात ओळीने बिनरंगाचे गणपती, आणि मागच्या दारात काथ्याचा ढीग. मूर्ती तडकू नये म्हणून प्लास्टरमध्ये नारळाचा काथ्या घालतात, त्याचे धागे आमच्या जेवणातसुद्धा सापडतात. शेडच्या मागे कुंपण नाय. सरळ डोंगराची कड सुरू होते. करवंदाच्या जाळ्या, एक बांबूचं बेट, दोन-चार ऐनाची झाडं आणि खाली दिवसाही अंधार. त्या अंधारात नाचरा राहतो.

दिसायला म्हणाल तर चिमणीएवढा. अंगाचा रंग काजळी पुसलेल्या फडक्यासारखा. गळ्याला पांढरा पट्टा, त्याच्याखाली छातीवर बारीक ठिपके, आणि डोळ्यावर पांढरी रेघ, आमच्या ताईने ब्रशने एका दमात ओढल्यासारखी. सगळी मजा शेपटीत. पत्ते खेळणारा माणूस हातातली पानं कशी फर्रकन पसरतो आणि मिटतो, तशी ती शेपूट. पसरली की कडेची टोकं पांढरी दिसतात. आणि हा एका जागी बसत नाय. फांदीवर डावीकडे वळेल, उजवीकडे वळेल, पंख खाली सोडून अर्धी गिरकी घेईल, मग उगाच हवेत कोलांटी मारून माशी पकडून पुन्हा तिथेच येईल. उंच झाडावर जायचं नाय, उन्हात यायचं नाय. सगळा कार्यक्रम माणसाच्या डोक्याच्या आसपास, सावलीत. मला तो पहिल्यांदा बघितला तेव्हाच आपला माणूस वाटला. एवढंसं अंग, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघा हा हट्ट.

माणसाला तो भीत नाय. घरट्याजवळ गेलं की पळायच्या ऐवजी पुढे येऊन नाकासमोर नाचतो आणि चक्‌ चक्‌ करून शिव्या घालतो. मांजरालासुद्धा घालतो.

आणि त्याची शीळ. ती पाखराची वाटतच नाय. पहिले दोन-तीन सूर वर चढतात, मग बाकीचे खाली घसरत येतात, जसं एखादं रिकामटेकडं पोर हात खिशात घालून पायऱ्या उतरताना शीळ घालतं. अगदी तशी. मी कितीदा फसलोय. शेडमधून "कोण रे?" म्हणून बाहेर आलोय, तर समोर हा शेपूट पसरून.

त्या वर्षी चैत्रात त्याचं घरटं बांबूच्या बेटाच्या कडेला, माझ्या छातीएवढ्या उंचीवर होतं. वाटीएवढंही नाय, अर्ध्या वाटीएवढं. बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने गुळगुळीत सारवलेलं, खाली त्याच जाळ्याची एक शेपटी लोंबत ठेवलेली. आणि त्यात आमचाच काथ्या. एका धाग्याला गुलाबी रंगसुद्धा लागलेला होता.

तेव्हाच ताईला बघायला रोह्याहून पाहुणे आले.

ताई माझ्याहून मोठी. आमच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे तीच काढते. डोळ्यांच्या आखणीला हात स्थिर लागतो, बाबांचा आता कापतो, म्हणून तिच्याकडे आलं. मुलगा रोह्याला कंपनीत होता. दोघांची ओळख एका लग्नात झालेली, फोनवर बोलणं चालू होतं. बघायचा कार्यक्रम म्हणजे नुसती मोठ्यांची समजूत. पण ताईने आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे बघ, मला तो आवडलाय. उद्या तू तोंड बंद ठेव. एवढं एकच कर माझ्यासाठी."

"एकदम बंद?"

"शिवून ठेव."

मुलगा आला, त्याची आई आली, आणि त्याचे काका. काकांचं कोलाडला हायवेवर हॉटेल आहे. त्यांना बोलायच्या आधी घसा साफ करायची सवय. "ख्रॅम्म... हं." प्रत्येक वाक्याला. "ख्रॅम्म... हं. पेणचं पाणी बरं हाय." "ख्रॅम्म... हं. गाडी उन्हात लावली." आता तुम्हीच सांगा. मी स्वयंपाकघरात आईजवळ उभा, ती पोह्याचे पापड तळतेय, आणि मधे नुसता पडदा. मी अगदी हळू, फक्त आईपुरतं, "ख्रॅम्म... हं. पापड लाल झाले," एवढंच केलं. आईने हसू दाबत मला चिमट्याने हाणलं.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून ती शीळ आली.

बाहेर काकूंनी, म्हणजे मुलाच्या आईने, ताईला नुकतंच विचारलं होतं, "काय काय करतेस गो दिवसभर?" आणि उत्तराच्या जागी ही शीळ. चढली, आणि लाडीगोडी लावत खाली उतरली.

बाहेर कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"शीळ कोण घालतं हो?" मुलाच्या आईने विचारलं.

"शीळ? कुठं?" बाबा.

पुन्हा आली.

"ही काय! पोरीच्या खिडकीमागून येते ती."

मी पापडाचं ताट घेऊन पडद्याबाहेर आलो. "पाखरू हाय काकू. नाचरा. मागे घरटं हाय त्याचं."

काका माझ्याकडे वळले. "ख्रॅम्म... हं. आणि मघाशी आत माझा खोकला कोण खोकलं रे? ते पण पाखरूच काय?"

मुलगा खाली बघून हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात प्रश्न नव्हता. तू घातलीस का, असं काय नव्हतंच. खात्री होती.

"कान धर," बाबा म्हणाले.

"बाबा, शप्पथ, मी..."

आणि मग मला दिसलं की काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या ताईकडे बघत होत्या. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मला तेव्हा कळलं. पाखरावर कोणी विश्वास ठेवणार नाय. मी नसेन, तर मग दुसरा कोणीतरी हाय. पोरीच्या खिडकीमागे उभा राहून शीळ घालणारा. ताईच्या मानेवर घाम आला होता.

मी ताट खाली ठेवलं, कान धरले आणि म्हणालो, "मीच घातली काकू. चुकलो."

"बहिणीला बघायला आल्यात माणसं, आणि भाऊ शीळ घालतोय!" काकू म्हणाल्या. पण सुटल्यासारख्या म्हणाल्या. काका हसले. बाबांनी हात जोडले. माझ्या बापाने माझ्यासाठी, त्या पाखराच्या शिळेसाठी, हात जोडले. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या डोक्यात आलं, मी इथे कान धरून उभा, आणि तो मागून पुन्हा शीळ घालणार. घालणारच. थांबतोय कुठे तो. आणि घातली की सगळ्यांना कळणार, मी नव्हतो. मग काय?

मी "पाणी आणतो" म्हणून मागे पळालो.

बांबूपाशी तो होताच. मला बघून पुढे आला, शेपूट पसरली, डावीकडे गिरकी, उजवीकडे गिरकी. मी हात हलवले. गेला नाय. टाळी वाजवायची सोय नव्हती, आत ऐकू गेलं असतं. मग मी, माझी सवयच ती, त्याच्याशी बोलायला लागलो. हात जोडून.

"जा ना बाबा! आज नको. आज ताईला बघायला आल्यात. उद्या ये, पाहिजे तेवढी शीळ घाल, मी काय बोललो का कधी? रोज ऐकतोच ना आम्ही? आजच्या दिवस जा. तिचं लग्न मोडशील मेल्या!"

मागे नळाचं पाणी वाजलं. वळून बघितलं तर मुलगा. हात धुवायला आला होता. बांबूचं बेट आमच्या मधे होतं, पाखरू त्याच्या बाजूने दिसणं शक्य नव्हतं.

"कोण आहे तिकडं?" त्याने विचारलं.

आता सांगायला हवं होतं. पण आत्ताच आत सगळ्यांसमोर कबूल करून आलो होतो ना, की मीच तो. पाखरू म्हटलं असतं तर तेही खोटं, हेही खोटं. माझ्या तोंडातून निघालं, "कोण नाय."

त्याने नळ बंद केला, रुमालाने एक एक बोट पुसलं आणि आत गेला.

जाताना काका म्हणाले, "ख्रॅम्म... हं. कळवतो."

दुसऱ्या दिवशी ताई आखणीला बसली. ती बसली की आम्ही शेडमध्ये जोरात श्वासपण घेत नाय. तिने ब्रश टेकवला आणि रेघ गालावर उतरली. तिने ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा टेकवला. पुन्हा उतरली. मग तिने ब्रश पाण्यात ठेवला, फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. त्याचा मेसेज होता. 'तुझा भाऊ मागे कोणाला परत पाठवत होता? खरं सांग. मी चिडणार नाही.'

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"मला माहीत होतं पाखरू हाय ते," ती म्हणाली. "मी रोज ऐकते ना. पण मी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, हिला बरं माहीत."

मी म्हणालो, रेकॉर्डिंग पाठवूया. दुपारभर फोन धरून बसलो, शीळ पकडली, ताईने पाठवली. उत्तर आलं, 'हे पण तोच करत असेल.' मग व्हिडिओ काढला. नाचऱ्याचा व्हिडिओ काढून बघा कधी. आमच्या व्हिडिओत बांबू होता, बांबू होता, एक काळं काहीतरी गेलं, पुन्हा बांबू. शीळ मात्र स्वच्छ ऐकू येत होती, आणि ती कोणाच्याही तोंडातली असू शकत होती. माझ्या तर नक्कीच.

आयुष्यभर मी ज्या गोष्टीवर भाव खात आलो, तीच माझ्या बहिणीच्या आड उभी होती. मी कोणताही आवाज काढू शकतो, म्हणून माझ्या आसपासचा कोणताच आवाज खरा नाय. हे मला त्या शेडमध्ये बसून कळलं, आणि हेही की बाबांना ते फार आधीपासून माहीत होतं.

घरट्यात अंड्यांतून पिल्लं बाहेर आली होती. अजून थोड्या दिवसांनी ती उडाली असती, घरटं रिकामं, आणि मग नाचरा त्याच जागी येईल याची काय खात्री? मी घरी न सांगता रोह्याची गाडी पकडली. अलीकडच्या जिते स्टेशनाकडून येतानाच रेल्वेला उशीर झालेला, पुढे नागोठण्याला ती आणखी रेंगाळली. कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा शिफ्ट सुटत होती. तो मोटरसायकल ढकलत बाहेर आला, मला बघून थांबला.

"आता कोणाचा आवाज काढायला आलास?"

गेटवरची माणसं बघत होती. मला काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, सगळं विसरलो. "एकदा येऊन बघा," एवढंच म्हणालो. "नंतर नाय म्हणा. पण आधी एकदा बघा. तुमच्या डोळ्यांनी."

"तुझ्या बहिणीने पाठवलं?"

"नाय. तिला कळलं तर मला रंगाच्या बादलीत बुडवेल."

त्याने हेल्मेट घातलं आणि गेला. हो नाय, नाय नाय.

रविवारी सकाळी आमच्या मागच्या वाटेवर मोटरसायकल थांबली. रात्रपाळी करून तसाच आला होता, डोळे लाल. स्वतःच्या आईला सांगून आला नव्हता. बाबा बाजारात गेले होते. मी त्याला बांबूच्या अलीकडे उभा केला आणि घरटं दाखवलं. आत एकजण बसला होता, नुसती शेपूट आणि चोच बाहेर.

"हे?" तो म्हणाला. "हे एवढंसं?"

"थांबा जरा. घालेल."

नाय घातली. बराच वेळ झाला. करवंदाच्या जाळीत सातभाई कालवा करून गेले. एक खार येऊन गेली. जे पाखरू एरवी तोंड मिटत नाय ते त्या दिवशी गप्प. मला राहवेना. मी ओठ नुसते गोल केले असतील, आत हवासुद्धा घेतली नव्हती.

"ए!" तो दबक्या आवाजात ओरडला. "तू तोंड उघडायचं नाय. हात ठेव तोंडावर. दोन्ही."

मी दोन्ही हात तोंडावर ठेवले. शाळेत बडबड केली की अशी शिक्षा असायची. स्वयंपाकघराच्या खिडकीत ताई येऊन उभी राहिली होती, तिने मला तसं बघितलं. त्यालाही बघितलं. 

मग दुसरा आला. चोचीत काहीतरी मच्छरासारखं. आत बसलेला उठला, याने पिल्लांच्या तोंडात कोंबलं आणि हा आत बसला.

"पाळी बदलली, रिलिव्हर आला," मुलगा पुटपुटला.

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं. सांगायचं होतं की दोघंही असेच करतात, नर-मादी, घरटं बांधण्यापासून आळीपाळीने. एक बसतो, एक भटकतो.

सुटलेला जो होता तो आमच्यासमोरच्या बांबूवर आला. शेपूट पसरली. डावीकडे. उजवीकडे. पंख खाली सोडले. आणि गळा फुगवून, आमच्या डोळ्यांसमोर चोच उघडून त्याने ती शीळ घातली. चढली आणि पायऱ्या उतरत आली. मुलाने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्या हातांकडे.

पुन्हा घातली.

तो तिथेच खाली काथ्याच्या ढिगावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. "म्हणजे तू हात जोडून याला..."

मी तोंडावरचे हात न काढताच मान हलवली.

"आणि आत कान धरलेस ते?"

मी खिडकीकडे बघितलं. ताई तिथे नव्हती. ती दारात आली होती, हातात चहाचा कप, आणि तिचा हात अजिबात कापत नव्हता.

चहा पिता पिता तो म्हणाला, "माझ्यापुरतं झालं. पण आईला काय सांगू? पाखराने शीळ घातली म्हटलं तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. तिच्या डोक्यात बसलंय की तू वात्रट आहेस. त्यात तिचं समाधान आहे."

"मग राहू दे वात्रट," मी म्हणालो.

ताई म्हणाली, "अरे पण बाबांना तरी..."

"त्यांनाही राहू दे."

तेव्हा मला ते फार मोठ्या मनाचं वाटलं होतं.

साखरपुडा रोह्याला झाला, मृगाच्या आधी. मी नवा शर्ट घालून कोपऱ्यात बसलो होतो. काकू येणाऱ्या प्रत्येक बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "हा बघा, हाच तो शीळवाला! बहिणीच्या बघण्यात शीळ घातली याने!" आता त्या प्रेमाने सांगत होत्या, ते जास्त वाईट. बायका हसत होत्या. बाबा माझ्या शेजारी बसून प्रत्येक वेळी थोडे खाली बघत होते.

शेवटी काकूंनी फर्मानच सोडलं. "घाल रे ती. आज घाल, आज चालेल. सगळ्यांना ऐकव."

 कोलाडच्या काकांनी घसापण साफ केला नाय.

आता खरी गोष्ट अशी, की ती शीळ मला येत नाय. मी त्यानंतर शेडच्या मागे उभा राहून किती प्रयत्न केला. वर चढायचं जमतं. उतरताना तो एकामागोमाग एक सूर सोडतो, प्रत्येक वेगळा आणि तरी एकमेकाला चिकटलेला, ते माझ्या ओठात बसत नाय. एसटी येते, हेडसर येतात, मावशी येतात. तो अर्ध्या वाटीत राहणारा येत नाय.

तरी मी ओठ गोल केले आणि घातली. दोन सूर चढले. मग नुसती हवा गेली. फुस्स.

"लाजला गो, लाजला!" काकू म्हणाल्या आणि सगळे हसले. मुलगा, म्हणजे आता आमचे भावजी, ताईकडे बघत होते.

बाबा हसले नाहीत. "त्या दिवशी तर बरी घातली होतीस," ते हळूच म्हणाले. मी पुन्हा एकदा प्रयत्न केला, त्यांच्यासाठी, मनापासून. पुन्हा फुस्स. तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी त्या बघण्यात प्रश्न होता. मी पटकन पेढा उचलून तोंडात कोंबला.

येताना गाडीत ते सारखे माझ्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ब्रश धुवायला मागे गेले ते आलेच नाहीत. चहा निवला. आईने मला बघायला पाठवलं. बाबा बांबूच्या बेटापाशी उभे होते, हातात ओले ब्रश, त्यांतून लाल पाणी पायावर ठिबकतंय. घरटं रिकामं होतं, पण नाचरा होता. त्यांच्या नाकासमोर शेपूट पसरून गिरक्या घेत होता. मग त्याने शीळ घातली, सगळी, वरपासून शेवटच्या पायरीपर्यंत.

बाबांनी वळून मागे बघितलं नाय. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसल्या. मी त्यांना तसं बघायला नको होतं. मी पाय न वाजवता शेडमध्ये परत आलो आणि आईला सांगितलं, येतायत.